आठ सिलिंडरांचं स्थळ

मी वसमतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि सांगू नये अशा आणखी काही वस्तू दिवसभर डब्याडब्यांतून माझ्या टेबलावर येतात. मी त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवते, तपासते, हात धुते आणि दुपारी त्याच खोलीच्या मागे बसून पोळीभाजी खाते. आपल्याला कशाचीच किळस येत नाही, याचा मला बराच अभिमान होता. पण माझ्यासमोर कुणी 'टॉर्क' म्हणालं की ती येते. 'हॉर्सपॉवर' म्हणालं तरी येते. नवं इंजिन आठ सिलिंडरचं असेल की सहाचं, असं कुणी डोळे बारीक करून बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. लोकांना वाटतं, बाईमाणसाला गाड्यांतलं काय कळणार, म्हणून कंटाळली असेल. कळतं ना, नको इतकं कळतं.

ही ब्याद आमच्या घरात माझ्या भावाने आणली. दादाचं वारंगा फाट्यावर सीट कव्हरचं दुकान आहे. हायवेवरच्या जीपा आणि मालाच्या गाड्या थांबतात, दादा त्यांना रेक्झिनची कव्हरं शिवून देतो, मॅट आणि हॉर्न विकतो. धंदा बरा चालतो, पण गिऱ्हाइकांच्या मधे वेळ फार आणि हातात मोबाइल. परदेशातली एक कंपनी शर्यतीच्या जातीची नवी गाडी काढणार आहे, हे त्याला तिथेच समजलं. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, तिचं आमच्याशी काही देणंघेणं नाही. गाडीत इंजिन कसलं बसवणार हे कंपनीने सांगितलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट तिने सांगितली असती, तर आमच्याकडच्या चार पुरुषांपैकी तीन जण माणसात राहिले असते.

कुणीतरी कुठल्यातरी घाटात, कापडात गुंडाळलेली ती गाडी पळताना चोरून टिपली होती. व्हिडिओत गाडी दिसते न दिसते, पण आवाज येतो. हा आवाज दादाने इतक्या वेळा ऐकला की आमच्या म्हशीलाही तो ओळखीचा झाला असेल. हेडफोनचा एक कान स्वतःला, दुसरा मामांना, आणि दोघं डोळे मिटून बसलेले. मामा कळमनुरीचे, तिथल्या शाळेत क्लार्क, पण शाळा सुटली की मुक्काम आमच्याकडे; एरवी शहाणा माणूस. आमच्या काकांना तिसरा कान मिळत नसे, म्हणून ते आवाज मोठा करायला लावत. मग तिघांत वाद सुरू. दादा म्हणायचा, आठच सिलिंडर, दुसरा आवाजच नाही. काका म्हणायचे, सहा आणि जोडीला बॅटरी, कारण आता सगळं जग बॅटरीवर चाललंय. मामांचं मत रोज बदलायचं आणि रोज ते तितक्याच खात्रीने सांगायचे. एका मोबाइल ग्रुपवर यांच्यासारखीच नांदेड-परभणीकडची आणखी बरीच माणसं जमली होती. त्यांतल्या एकानेही तसली गाडी जवळून पाहिलेली नव्हती, हे मी दादाला विचारून खात्री करून घेतलं होतं.

जेवताना तर बघवायचं नाही. काका वरणभाताचा घास तोंडात असताना आठ सिलिंडरचा आवाज कसा असतो आणि सहाचा कसा, हे तोंडाने करून दाखवायचे. शितं ताटाबाहेर उडायची. "हे बघ, हा आठचा," असं म्हणून ते पुन्हा गाल फुगवायचे आणि आई माझ्या ताटावर पदर धरायची. आम्ही घरात ट्रॅक्टर आणि एका मोटारसायकलवर दिवस काढतोय आणि यांचं भांडण कसलं, तर तिसऱ्याच देशातल्या श्रीमंताने गाडी पळवली की सुटणारा आवाज जाड येईल का बारीक. ती गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की आमच्या गावाच्या वळणावरच्या गतिरोधकावर पोट टेकून बसली असती. मी हे एकदा बोलून दाखवलं. दादाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवाच्या मूर्तीला पाय लावला.

अशातच माझं स्थळ आलं.

औंढ्याला देवळाजवळ प्रसादाचं दुकान असलेले आमचे एक लांबचे पाहुणे आहेत. लग्नं जमवायची त्यांना हौस. ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगं पुण्याला हाय. मोटारीच्या कंपनीत, इंजिनात." एवढंच. मी आतून बघत होते. दादाच्या हातातली बशी तिरकी झाली आणि चहा त्याच्या पँटवर सांडला. त्याला भाजलंही नाही.

मला लग्नाचं वावडं नव्हतं. पुण्याचंही नव्हतं. मला फक्त एक गोष्ट हवी होती, लग्नानंतर लॅबमध्ये काम करता यावं. लॅबचा कोर्स करायला मी घरात बरंच भांडले होते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली रक्तातल्या पेशी पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो मला सोडायचा नव्हता. पुण्यात गल्लोगल्ली लॅब आहेत, असं ऐकून होते. तेव्हा मी आईला सांगून ठेवलं, मुलगा कसाही असू दे, पण मला काम करू देईल का, एवढं आधी विचारा. आई म्हणाली, "चौकशीला जातील तवा इचारतील की."

आमच्याकडे चौकशीला मोठा मान आहे. मुलीकडची दोन-तीन शहाणी माणसं मुलाच्या गावाला जातात. थेट घरी जात नाहीत. आधी हॉटेलात चहा पितात, दाढी करायच्या निमित्ताने न्हाव्याकडे बसतात, शेजारच्या शेतात पाणी प्यायला जातात. पोरगं पितं का, सासू तोंडाची कशी, घरात भांडणं आहेत का, हे सगळं असं गोळा होतं. कैक पोरींचं आयुष्य या चौकशीने वाचलं आहे. आमच्याकडून दादा, काका आणि मामा गेले. संध्याकाळी परतले तेव्हा तिघांचे चेहरे फुललेले होते.

आईने विचारलं, "घर कसं हाय?"

"चांगलं हाय," काका म्हणाले.

"माणसं?"

"माणसंबी हायेत."

"सासू कशी हाय? पोरगं काही घेतं-बितं का? आपल्या पोरीच्या कामाचं इचारलं का?"

दादा म्हणाला, "माय, त्याच्या चुलतभावाची गाठ पडली. तो म्हणला, त्यायच्या कंपनीत बाहेरदेशाच्या गाड्या येऊन राहिल्या. कापडात गुंडाळून. कापडात, मामा!" आणि मामांनी मांडीवर थाप मारली. न्हाव्याकडे, हॉटेलात, शेतात, जिथे जिथे गेले तिथे या तिघांनी इंजिनाची चौकशी केली होती. त्या गावात आजही लोक म्हणत असतील, मुलीकडची माणसं येऊन गेली, पण ती नक्की काय विकत घ्यायला आली होती ते कळलं नाही.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी बोलले. त्या रात्री बोलले, दुसऱ्या दिवशीही बोलले. "भेटल्यावर इचारू की सगळं," असं म्हणून मला गप्प केलं गेलं.

पाहुणे आले तेव्हा हळदीचा हंगाम होता. बाबा पहाटेपासून शेतात, हळद शिजवायच्या कुकरपाशी. बोलावणं गेलं तसे घाईघाईने आले, हातपाय धुतले, तरी नखं पिवळीच. अंगणात शिजलेली हळद वाळत पडलेली. मुलाकडून मुलगा, त्याचे आईवडील आणि औंढ्याचे ते मध्यस्थ. मुलगा दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. मला पहिल्यांदा तो आवडलाही, हे लिहायला लाज कशाला वाटायला हवी.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले, नमस्कार केला, खुर्चीवर बसले. अशा वेळी नाव विचारतात, शिक्षण विचारतात, भाऊबहिणी किती विचारतात. मी उत्तरं तयार ठेवली होती. मुलाच्या आईने "बाई, तुमी..." एवढं म्हणून तोंड उघडलं आणि त्याच वेळी मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"ते कापडातल्या गाडीचं काय म्हणता मंग?"

मुलगा क्षणभर गांगरला. माझ्या समोरच होता, मी बघितलं. मग त्याने तिघांचे चेहरे बघितले. इतक्या आसुसून आयुष्यात कुणी त्याच्याकडे बघितलं नसेल. तो हळूच हसला आणि म्हणाला, "मामा, आतलं सांगता येत न्हाई. सही घेतात आमची."

झालं. सांगता येत नाही म्हणजे आत काहीतरी आहे, हे तिघांना एकदम पटलं. काका मान हलवून म्हणाले, "बराबर हाय, बराबर हाय. सांगूच नका. निस्तं एवढं सांगा, आठ का सहा?"

"तसं म्हणलं तर आठ," तो म्हणाला, "अन् तसं म्हणलं तर सहा."

दादा खुर्चीच्या कडेवर आला. "म्हंजी लागंल तसे दोन सिलिंडर बंद पडतात? अन् टर्बो?"

"हाय ना. पण बटण दाबलं का निघतो."

टर्बो काय असतो, हे तोपर्यंत मला नाइलाजाने पाठ झालं होतं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा तो एक पंखा, इंजिनात जास्त हवा कोंबतो. चांगला तापून लाल होतो, बोल्टांनी आवळलेला असतो. तो बटण दाबल्यावर निघतो म्हणजे चुलीवरचा तवा शिट्टी मारल्यावर उतरतो, तसलंच काहीतरी. मी दादाकडे बघितलं. आता हा हसेल, असं वाटलं. दादा म्हणाला, "वा!" मामांनी डोळे मिटून घेतले. काका पोह्यांची बशी हातात तशीच धरून म्हणाले, "पुढारले लोक, पुढारले." आणि मग हा सुटला. सायलेन्सर चांदीचा म्हणे. आवाज डब्यात भरून ठेवतात म्हणे. त्याचे वडील कौतुकाने ऐकत होते, त्याची आई माझ्याकडे बघून ओशाळं हसत होती. माझं नाव अजून कुणी विचारलं नव्हतं. पोहे गार झाले, खोबऱ्याचे तुकडे वाळून त्यांवर माशी बसली, तरी तिघांचं लक्ष त्याच्या ओठांवर. मला त्या खोलीची, त्या आवाजांची, मामांच्या अर्धवट उघड्या तोंडाची अशी शिसारी आली की ट्रे उचलून निघून जावंसं वाटलं.

शेवटी त्याच्या आईनेच सुचवलं, पोरापोरीला थोडं बोलू द्या. आम्ही मागच्या पडवीत गेलो. मी वेळ घालवला नाही. विचारलं, "मी लॅबमध्ये काम करते. पुण्याला आल्यावर करू द्याल का?"

"बघू की," तो म्हणाला. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "एक सांगू? मी इंजिनात न्हाई. मी स्टोअरला हाय, सीटच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावतो. ते औंढ्याच्या पाहुण्यांनी उगं इंजिन म्हणून देल्लं. मी सांगणारच व्हतो."

मी म्हणाले, "मग सांगायचं ना आत."

"कसं सांगू? तुमचे मामा किती खूश हायेत." आणि तो हसला. अगदी मोकळं, आता आपण दोघं एका बाजूला आहोत असं समजून. "तुमीबी काही बोलू नका. लग्न झालं का बघू. तवर आपल्या दोघातच राहू द्या."

खोक्यांवर चिठ्ठ्या लावण्याचं मला काही वाटलं नाही, मीही डब्यांवर चिठ्ठ्याच लावते. मला त्याच्या त्या हसण्याची घाण वाटली. ज्या माणसाने मला अजून नाव विचारलं नव्हतं, त्याने मला पहिल्या भेटीत आपल्या खोट्यात भागीदार करून घेतलं होतं. आणि माझ्या एकुलत्या एक प्रश्नाला 'बघू की'.

मी आत जाऊन आईला खुणेने बोलावलं. पण तेवढ्यात पाहुणे उठले होते. बाबा दारात उभे. बाबांना या इंजिनाच्या वेडात कधीच गोडी नव्हती, त्यांना तेवढा वेळही नव्हता. त्यांनी दादाकडे बघितलं, दादाने जोरात मान डोलावली. काकांनी डोलावली, मामांनीही. बाबा मुलाच्या वडिलांना म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, कारण चौकशी करून आलेली तीन माणसं समोर मान डोलवत होती.

पाहुणे वळणापर्यंत गेले नसतील, तोच मी सगळं सांगितलं. स्टोअर, खोकी, 'आपल्या दोघातच राहू द्या', सगळं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील, मामांना धक्का बसेल, दादा त्या मध्यस्थाला शिव्या घालेल.

काहीच झालं नाही. काकांनी चुन्याची डबी उघडली. मामा पंख्याकडे बघत होते. दादाने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाला, "ते मला तवाच कळलं."

"कवा?" आईने विचारलं.

"टर्बो बटणानं निघतो म्हणला तवा. असं कुठं असतंय व्हय?"

काका म्हणाले, "मला त्याच्याबी आधी कळलं. आठबी हाय अन् सहाबी हाय म्हणला, तवाच म्या वळखलं."

"चला! तवा तुमी बराबर हाय, बराबर हाय म्हणत व्हते," मामा म्हणाले. "खरं तर मला चौकशीतच शंका आली व्हती." आणि ती तीन माणसं, माझे सख्खे, ज्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढले, आधी कुणाला कळलं यावर हिरीरीने भांडू लागली.

आई मधेच ओरडली, "कळलं व्हतं तर बोलले काहून न्हाई? लेकरू देऊन टाकलं असतं ना आपण!"

दादा थोडा चपापला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "सगळ्यायसमोर कसं बोलावं, माय? अन् गप्पा रंगल्या व्हत्या ना."

गप्पा रंगल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. ते फसले असते तर मला त्यांची कीव आली असती, कदाचित हसूही आलं असतं. पण ते फसले नव्हते. खोटं बोलणारा माणूस समोर बसलाय हे तिघांनाही दिसत होतं आणि त्याच माणसाला माझा हात द्यायला त्यांनी माना डोलावल्या होत्या, कशासाठी, तर घरात हक्काचा एक गप्पा मारणारा मिळेल म्हणून. माझ्याच माणसांचा मला असा वीट कधी आला नव्हता.

बाबा इतका वेळ उंबऱ्यात बसून होते. ते दादाला म्हणाले, "मला इंजिनातलं काही कळत न्हाई. मी तुझ्या मानेकडं बघून होकार देल्ला. आता तूच फोन लाव अन् न्हाई म्हण. आत्ताच लाव."

दादा कुरकुर करत उठला आणि अंगणात गेला. तो खरंच नाही म्हणतो का बघ, अशी बाबांनी मला डोळ्यांनी खूण केली, तशी मी दारापर्यंत गेले. तो वाळत्या हळदीच्या कडेला पाठमोरा उभा होता. फोन त्याने मुलाच्या वडिलांना नाही, थेट मुलालाच लावला होता.

"न्हाई हो भाऊ, आमाला तर लई पसंत व्हतं," तो म्हणत होता. "पण बहीण शिकलेली पडली, ऐकत न्हाई. काय करता... व्हय. व्हय. तकलीफ झाली तुमाला, माफ करा." मला वाटलं, संपलं. तो थोडा थांबला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला आणि आवाज अगदी लाडीगोडीचा केला. "बरं भाऊ, ते राहू द्या. तेवढं एक सांगता का, आठ का सहा?"

तिकडून काहीतरी उत्तर येत असावं, कारण माझा भाऊ मोबाइल कानावर घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकत होता.